शाळेच्या अंगणातील हवा

डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत २६ मे २०१६ रोजी प्रोबेस एंटरप्रायझेस या कारखान्यात जो भीषण स्फोट झाला, आणि आठ वर्षांनी, २३ मे २०२४ रोजी, अमुदान केमिकल्समध्ये ज्याची पुनरावृत्ती झाली, ते दोन्ही दिवस गुरुवारचे होते. दोन्ही स्फोट मुले एरवी वर्गात बसलेली असतात अशा भर दिवसाच्या प्रहरी झाले. आणि दोन्ही वेळी शाळांना उन्हाळ्याची सुट्टी होती. पहिल्या स्फोटात बारा माणसे दगावली, दोनशेहून अधिक जखमी झाली आणि दूरदूरच्या इमारतींच्या काचांचा चुरा झाला. त्या दिवशी मुले वर्गात नव्हती, हे केवळ सुट्टीमुळे घडले. कोणत्याही खात्याच्या दक्षतेचा त्यात भाग नव्हता.

स्फोटाची निदान चौकशी होते, पंचनामे होतात, नुकसानभरपाईचे हुकूम निघतात. जून उजाडून शाळा भरल्यावर जी हवा मुलांच्या छातीत रोज थोडी थोडी उतरते, तिची नोंद मात्र कोणत्याच दप्तरी होत नाही, आणि मला अधिक चिंता वाटते ती हिचीच.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ साली झाली व ठाण्याची वागळे इस्टेट ही त्याची पहिली वसाहत ठरली. पाठोपाठ डोंबिवलीत रासायनिक, रंगद्रव्यांचे व कापडप्रक्रियेचे कारखाने आले. ‘कारखाने आधी आले, लोक मागाहून राहायला आले’ असा युक्तिवाद वारंवार ऐकू येतो; परंतु मिलापनगर, सुदर्शननगर यांसारखा निवासी विभाग याच वसाहतीच्या हद्दीत आखला गेला, आणि जेथे घरे बांधली तेथे शाळा येणारच, हे आखणाऱ्यांस ठाऊक नसावे असे कसे म्हणावे? शिवाय सहा वर्षांच्या मुलाने कोठे राहावे हे त्याने स्वतः कधीच ठरविलेले नसते. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील ८८ औद्योगिक समूहांची पाहणी केली, तेव्हा डोंबिवलीस ७८.४१ गुण देऊन तिची गणना अतिप्रदूषित क्षेत्रांत केली. पुढे जानेवारी २०१४ मध्ये येथे हिरवा पाऊस पडला, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये रस्ता गुलाबी झालेला पाहण्यास खुद्द मुख्यमंत्र्यांना यावे लागले.

रंग डोळ्यांना दिसतो म्हणून बोभाटा होतो. वासाचे तसे नाही. कल्याणात खडकपाडा येथे व डोंबिवलीत पिंपळेश्वर मंदिराजवळ हवा मोजणारी केंद्रे आहेत, त्यांचा मला आदर आहे. परंतु आपण ज्याला हवेचा गुणवत्ता निर्देशांक म्हणतो त्यात केवळ आठ घटक धरलेले असतात – सूक्ष्म धूलिकण दोन प्रकारचे, नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया आणि शिसे. टोल्युइन, झायलीन यांसारख्या द्रावकांच्या वाफा त्यात नाहीत. म्हणून निर्देशांक ‘समाधानकारक’ असावा आणि त्याच वेळी वर्गातील मुलांनी नाकाला रुमाल लावावा, यात विसंगती काहीच नाही. जे निर्देशांकात धरलेच जात नाही ते आकड्यात उतरत नाही, एवढाच त्याचा अर्थ. हिवाळ्यात तर जमिनीलगतच्या थंड हवेवर उबदार हवेचा थर बसतो, रात्री सोडलेला धूर वर जाऊ शकत नाही, आणि तो तेथेच तरंगत असता सकाळच्या सत्रातील मुले प्रार्थनेला मैदानावर उभी राहतात.

मूल आपल्या वजनाच्या मानाने मोठ्या माणसाहून पुष्कळ अधिक हवा आत घेते; ते धावते, तोंडाने श्वास घेते, आणि त्याची फुप्फुसे अद्याप घडत असतात. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाने बारा गावांतील मुलांची वर्षानुवर्षे तपासणी केली, तिचा २००४ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की सर्वांत मलिन हवेच्या गावात अठराव्या वर्षी ७.९ टक्के मुलांची श्वसनक्षमता लक्षणीय उणी होती, स्वच्छ गावात १.६ टक्के. हवा सुधारल्यावर पुढच्या पिढीची फुप्फुसे अधिक चांगली वाढली, हेही त्याच अभ्यासाने २०१५ साली दाखविले.

अमेरिकेतच ओहायो राज्यातील ॲडिस्टन या गावी प्लास्टिकच्या कारखान्यासमोरील प्राथमिक शाळेच्या छपरावर यंत्र बसवून हवा मोजली, आणि कर्करोगाचा संभव राज्याने ग्राह्य मानलेल्या मर्यादेच्या पन्नासपट आढळल्यावर २००५ साली ती शाळा बंद करण्यात आली. पुढे २००९ मध्ये तेथील केंद्रीय पर्यावरण संस्थेने अनेक राज्यांतील साठांहून अधिक शाळांबाहेरची हवा मोजण्यास घेतली. आपल्याकडे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शिक्षकागणिक वर्गखोली, मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, स्वयंपाकघर, क्रीडांगण आणि कुंपण या सर्वांची तजवीज आहे. कुंपणाच्या आतील हवेविषयी त्यात एक अक्षर नाही.

डोंबिवलीतील १५६ धोकादायक कारखाने पाताळगंगेला हलविण्याचा निर्णय शासनाने २०२२ साली जाहीर केला. पाताळगंगेच्या परिसरातही गावे आहेत व त्या गावांत जिल्हा परिषदेच्या शाळा आहेत. डोंबिवलीतून हलविलेला पहिला कारखाना तेथे उभा राहण्यापूर्वी त्या शाळांच्या अंगणातील हवा, द्रावकांच्या वाफांसह, वर्षभर मोजली जावी, तिचे आकडे शाळेच्या फळ्यावर मराठीत लिहिले जावेत, आणि तेच काम डोंबिवलीच्या निवासी विभागातील शाळांत येत्या हिवाळ्याआधी सुरू व्हावे, अशी मागणी पालकांनी महापालिकेकडे व प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी करावी.