आधी सुई, शेवटी स्क्रू

पुण्याहून पौडकडे जाताना लागणारं मुळशी तालुक्यातलं पिरंगुट आता कारखान्यांचं गाव म्हणून ओळखलं जातं. तरीही ब्लाउज, परकर, गणवेश, साडीचा फॉल यांसाठी घरगुती शिलाई मशीन लागतंच, आणि मशीन म्हटलं की एक तक्रार ठरलेली: टाका सारखा पडत नाही.

एलियास हाऊ यांनी 1846 साली दोन दोऱ्यांच्या टाक्याच्या मशीनचं पेटंट घेतलं, आयझॅक सिंगर यांचं 1851 साली आलं. कोलकात्याच्या जय इंजिनिअरिंगने 'उषा' काढली ती 1930च्या दशकात. यंत्रांविषयी साशंक असलेल्या गांधीजींनीही 1924 साली सिंगरच्या मशीनला अपवाद मानलं होतं.

मशीनचं तत्त्व आजही तेच आहे. सुई खाली जाऊन किंचित वर येते, तेव्हा दोऱ्याचा छोटा फास होतो. शटलचं टोक तो पकडून बॉबिनच्या दोऱ्याभोवती फिरवतं. दोन्ही दोरे कापडाच्या मधोमध अडकले की टाका सुबक. सुई जराशी वाकली तरी शटलचा नेम चुकतो आणि टाका सुटतो.

म्हणून शिवण उलटून पाहावी. खालच्या बाजूला दोऱ्याचे फास लोंबत असतील, तर दोष बहुधा वरच्या दोऱ्यात. तो टेन्शनच्या चकत्यांमध्ये बसलेलाच नसतो. कापड दाबणारा फूट वर उचलून दोरा पुन्हा ओवला की बरेचदा काम होतं. वरच्या बाजूला खालचा दोरा दिसत असेल, तर वरचा ताण जास्त किंवा बॉबिन सैल. टाके मध्येच सुटत असतील तर सुई बदला. पातळ कापडाला 11 नंबर, साध्या सुतीला 14, जाड कापडाला 16. सुईला ज्या बाजूने लांब खाच, त्याच बाजूने दोरा ओवायचा. टाका कुठे लहान, कुठे मोठा पडत असेल, तर कापड सरकवणाऱ्या दात्यांत साठलेला कचरा काढावा, फूटचा दाब आणि पायमशीनचा पट्टा तपासावा. शिवताना कापड हाताने ओढू नये.

मुळशीच्या पावसाळ्यात हवा महिनोन्‌महिने दमट असते. न वापरलेल्या मशीनच्या सुईवर, बॉबिन केसवर गंज धरतो आणि दोरा अडखळतो. अशा वेळी घरातलं खोबरेल घालू नये. ते थिजून मशीन जड करतं. मशीनचंच तेल दोन-दोन थेंब घालून आधी चिंधीवर शिवून पाहावं.

बहुतेकांचा हात मात्र आधी टेन्शनच्या स्क्रूकडे जातो आणि साधा दोष दुप्पट होतो. क्रम उलटा हवा. पुन्हा ओवणं, नवी सुई, सफाई, तेल, आणि एवढ्यानंही भागलं नाही तरच स्क्रू, तोही पाव फेरा. सुईला काही रुपये पडतात. मशीन मिस्त्रीकडे नेण्याआधी तेवढे खर्च करून पाहा.