मोटारीच्या मालकीस पर्याय : विजेची मालवाहू सायकल आणि यवतमाळ जिल्हा

वाहनाची गरज आणि वाहनाची मालकी ह्या दोन गोष्टी भिन्न आहेत. व्यवहारात मात्र पहिलीचे उत्तर म्हणून दुसरी पुढे केली जाते, आणि मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबाच्या बाबतीत हा गोंधळ महागात पडतो. प्रस्तुत लेखात यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात एवढ्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे की, जे कुटुंब आज कर्ज काढून पहिली मोटार घेण्याच्या विचारात आहे, त्याला विजेची मालवाहू सायकल अथवा तिच्याच जातीचे हलके वाहन कितपत पुरेसे होईल.

ही सायकल म्हणजे काही नवलाची वस्तू नव्हे. मागील अथवा पुढील चाकाजवळ ओझ्यासाठी लांबविलेली चौकट, जाड तारांची चाके, पायटे, आणि पायट्यांना साहाय्य करणारी लहान विद्युत्-मोटर, एवढाच तिचा प्रपंच. नेदरलँड्स आणि डेन्मार्क ह्या देशांत पुढे पेटी असलेल्या सायकली पाव, दूध व मुले वाहून नेण्यासाठी फार पूर्वीपासून वापरात आहेत. विजेच्या साहाय्याने त्यांचा पल्ला वाढला, इतकेच. तथापि तिकडची किंमत काही हजार युरोंच्या घरात जाते. ती रुपयांत मांडली तर आपल्याकडील जुनी मोटारच तेवढ्यात येईल. म्हणून युरोपातील उदाहरण जसेच्या तसे उचलण्यात हशील नाही.

महाराष्ट्रात ह्या दिशेने दोन प्रयत्न लक्षात घेण्याजोगे आहेत. पहिला फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेचा. तेथे अनिल राजवंशी यांनी सायकल-रिक्षाची सुधारणा आणि विजेच्या साहाय्याने चालणारी रिक्षा ह्यांवर काम केले व त्याची मांडणी 2002 साली 'करंट सायन्स' ह्या नियतकालिकात केली. त्या कामातून घ्यावयाचा बोध असा की, जुन्या सायकल-रिक्षाचा खरा दोष तिच्या अवजड बांधणीत आणि गिअरच्या अभावात होता. तो दूर केल्यावाचून केवळ मोटर बसविली, तर वीज त्या दोषावरच खर्च होते. दुसरा प्रयत्न पुण्याचा. 1972 साली आलेली पायट्यांची 'लूना' खेड्यापाड्यांत ओझे वाहणारे वाहन म्हणूनच रुजली होती. फेब्रुवारी 2024 मध्ये तिचा विजेवरील अवतार बाजारात आला. उत्पादकांच्या सांगण्याप्रमाणे ती 150 किलो भार वाहते आणि दोन युनिटांची बॅटरी एकदा भरली की सुमारे 110 किलोमीटर जाते. त्या वेळी तिची किंमत सत्तर हजारांच्या आत जाहीर झाली होती. हिला पायटे नाहीत. कायद्याच्या दृष्टीने ती मोटार वाहनच आहे, तिला नोंदणी व चालकाला परवाना लागतो. उलट, ज्या सायकलीच्या मोटरची शक्ती पाव किलोवॉटहून कमी आहे आणि जिचे साहाय्य ताशी 25 किलोमीटर वेग गाठताच बंद पडते, ती चाचणी-संस्थेने तसे प्रमाणित केल्यास मोटार वाहन मानली जात नाही. हा भेद पुढील विवेचनात महत्त्वाचा आहे.

आता जिल्ह्याकडे वळू. 13,582 चौरस किलोमीटर क्षेत्रफळ आणि 2011 च्या जनगणनेनुसार 27,72,348 लोकसंख्या, अशी ही विरळ वस्ती आहे. अरुंद मापाच्या मूर्तिजापूर–यवतमाळ लोहमार्गावरील, म्हणजे लोकांच्या 'शकुंतले'वरील, वाहतूक बंद पडली. वर्धा–यवतमाळ–नांदेड ह्या नव्या मार्गाचा वर्धा ते कळंब हा टप्पा 28 फेब्रुवारी 2024 रोजी सुरू झाला. तो होईपर्यंत आणि आजही जिल्ह्यातील बहुतेक गावांचा भरवसा एस.टी.वर आहे. अशा स्थितीत मोटारीचा मोह समजण्यासारखा आहे. रात्री-अपरात्री दवाखाना, लग्नकार्य, लेकीचे सासर, मुलाची नागपूरची परीक्षा, हे सारे डोळ्यांसमोर असते. परंतु हे दिवस वर्षात किती? उरलेल्या दिवसांचे काम पाहिले, तर ते युरियाची 45 किलोंची पिशवी, गॅसचे भरलेले सिलिंडर, दुधाची कॅन, भाजीची क्रेट, शाळेत जाणारी दोन मुले, एवढेच असते, आणि तेही बहुधा दहा-बारा किलोमीटरांच्या आत.

हिशेब मांडून पाहू. पुढील आकडे पाहणीतून आलेले नाहीत. ती गृहीतके आहेत आणि अभ्यासकाने आपापल्या गावचे आकडे घालून ती बदलावीत. पाच लाखांची मोटार दहा वर्षे वापरून लाखाला विकली, तर वर्षाला 40,000 रुपये झीज. विमा व दुरुस्ती 20,000. वर्षाला 5,000 किलोमीटर, लिटरला 18 किलोमीटर आणि पेट्रोल 105 रुपये धरल्यास सुमारे 29,000. एकूण 89,000, म्हणजे किलोमीटरला जवळजवळ 18 रुपये. ह्यात व्याज धरलेले नाही. चार लाखांचे कर्ज साडेनऊ टक्क्यांनी सात वर्षांसाठी काढले, तर मासिक हप्ता 6,500 रुपयांच्या वर जातो आणि परतफेड साडेपाच लाखांच्या आसपास होते. कापसाच्या एका वेचणीवर पाऊस पडला तरी हा हप्ता थांबत नाही. ज्या जिल्ह्यात शेतकरी-कर्जाचा प्रश्न इतका दारुण झाला आहे, तेथे हा मुद्दा तळटीपेत टाकण्याजोगा नाही.

दुसऱ्या बाजूला सत्तर हजारांचे विजेचे हलके वाहन सात वर्षे धरले, तर वर्षाला 10,000; बॅटरीची तरतूद व दुरुस्ती 6,000; आणि 3,800 किलोमीटरांना, किलोमीटरला 25 वॉट-तास व युनिटला दहा रुपये ह्या दराने, वीज हजाराच्या आत. एकूण 17,000. उरलेले 1,200 किलोमीटर आठ दिवस गाडी भाड्याने घेऊन केले आणि दिवसाला चालक व इंधनासह 3,500 रुपये दिले, तर 28,000. बेरीज 45,000. म्हणजे निम्मा खर्च. त्यांतील काही प्रवास एस.टी.ने झाला, तर अंतर आणखी वाढते. मार्च 2023 पासून स्त्रियांना तेथे अर्धे तिकीट पडू लागले, ही गोष्ट विशेष हिशेबात धरण्याजोगी आहे. भाड्याच्या गाडीचे दिवस वाढत गेले, तर ह्याच गृहीतकांवर दोन्ही बाजू वर्षाकाठी सुमारे 25 दिवसांशी समान होतात. सारांश, ज्या घरात महिन्यातून दोनहून अधिक दिवस मोटार खरोखरच लागते, तेथे हा पर्याय आर्थिक दृष्ट्या टिकत नाही, आणि तसे स्पष्ट म्हणावयास संकोच वाटू नये.

विजेचा खर्च इतका अल्प का, ह्याचे उत्तर वजनात आहे. 65 किलोंचा चालक, 35 किलोंची सायकल आणि 80 किलो ओझे मिळून 180 किलो होतात. डांबरी सपाट रस्त्यावर ताशी 20 किलोमीटर वेगाने चाकांचा घर्षणरोध व हवेचा रोध मिळून सुमारे 30 न्यूटन भरतो. म्हणजे किलोमीटरला साडेआठ वॉट-तास. चढ, थांबे आणि यंत्रातील गळती धरून ते पंधरा मानावेत. मोटार त्याच किलोमीटरला पेट्रोलमधील सुमारे 500 वॉट-तास ऊर्जा घेते, आणि तिचा मोठा भाग उष्णतेत व स्वतःचेच ओझे हलविण्यात जातो.

परंतु रस्ता सपाट नसतो. यवतमाळ शहर पठारावर आहे आणि तेथून वर्धेच्या व पैनगंगेच्या खोऱ्यांकडे उतरताना घाट लागतात. चार टक्के चढावर तेच 180 किलो ओढावयाचे झाल्यास पाव किलोवॉटची मोटर आणि माणसाचे 75 वॉट मिळून वेग ताशी 12 किलोमीटरांच्या आसपास राहतो. शहरातल्या शहरात हे चालून जाते. वीस किलोमीटरांवरील तालुक्याच्या गावी भर मे महिन्यात, पारा 45 अंशांकडे झुकत असता, हे करावयास सांगणे सयुक्तिक नाही. म्हणून पायट्यांची मालवाहू सायकल हे शहरातील दुकानदाराचे, डबे पोचविणाऱ्या स्त्रीचे, मुलांना शाळेत सोडणाऱ्या आईचे वाहन. आणि खेडे व बाजारपेठ ह्यांमधील अंतरासाठी लूनाच्या जातीचे अधिक शक्तीचे वाहन, अशी विभागणी मला योग्य वाटते. कापूस ह्या दोहोंच्याही कक्षेबाहेर आहे. तो वजनाने हलका पण आकाराने अवाढव्य. त्याला बंडी किंवा ट्रॅक्टरच हवा.

पावसाळ्यात पांदण रस्त्यांचा प्रश्न निराळाच आहे. काळ्या मातीच्या चिखलात चाकांचा रोध डांबराच्या आठ-दहा पटींनी वाढतो आणि मोटर तापते. अशा वाटेवर मोटारही जात नाही, हे खरे. पण त्यामुळे सायकलीची बाजू बळकट होते असे नव्हे.

बॅटरीविषयी थोडे. लिथियमच्या बॅटरीचे आयुष्य उष्णतेने घटते, आणि विदर्भातील उन्हाळ्यात पत्र्याच्या छपराखाली ती भरणे हा तिला मारण्याचा खात्रीचा मार्ग आहे. ती काढून घरात आणता आली पाहिजे, आणि रात्री उशिरा वा पहाटे भरली पाहिजे. लोह-फॉस्फेट जातीची बॅटरी वजनाला अधिक, परंतु उष्णतेला सोसणारी व दीर्घायुषी असते. ह्या जिल्ह्यासाठी तिचीच निवड करावी.

सरकारी साहाय्याचा झोक आजवर नोंदणीकृत वाहनांकडे राहिला आहे. 2022 साली दिल्ली सरकारने पहिल्या 5,000 मालवाहू विद्युत्-सायकलींना प्रत्येकी 15,000 रुपयांचे अनुदान जाहीर केले, हा अपवाद. मोटारीला कर्ज देण्यास बँका तत्पर असतात, कारण नोंदणीच्या पुस्तकावर तारण चढविता येते. नोंदणीच नसलेल्या सायकलीवर ते चढत नाही. परवान्याच्या कटकटीतून मुक्त करणारा नियमच तिला पतपुरवठ्यातून वगळतो. आणि दुरुस्ती? तारा, साखळी, ब्रेक ही कामे पुसदचा वा वणीचा कोणताही सायकलवाला करील. नियंत्रक बिघडला, तर मात्र तो भाग नागपूरहून येईपर्यंत वाहन दारात उभे राहते, आणि त्या दिवसांचे भाडे वरच्या हिशेबात धरलेले नाही.