रोलरला हात लावायचा नाही

मासे निवडताना शिंगाळ्याचा काटा तळहातात घुसला, तर नवापूरच्या बाया तो उपटून टाकतात आणि पुन्हा कामाला लागतात. आमच्या काकूंनीही तेच केलं. हात कोपरापर्यंत सुजला, ताप चढला, तेव्हा कुठे त्या बोईसरला अ‍ॅडमिट झाल्या.

सुईच्या आधी सिस्टरचे प्रश्न आले. केसपेपर हातात असूनही नाव काकूंनाच विचारलं. "काकू, आधी कुठल्या औषधाने अंगावर गांधी उठल्या होत्या? धाप लागली होती?" पेनिसिलिनचं नाव मुद्दाम घेतलं, कारण लिहून दिलेलं सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन हे अँटिबायोटिक त्याच्या दूरच्या नात्यातलं. कल्चरसाठीचं रक्त आधीच काढून घेतलं. पहिला डोस गेल्यावर जंतू सापडणं अवघड होतं. मग कातडीत टेस्ट डोस, भोवती पेनाने गोल, आणि वीसेक मिनिटं थांबणं. आपल्याकडे या टेस्टवर फार भिस्त. ती निगेटिव्ह आली तरी रिअ‍ॅक्शन येऊ शकते, म्हणून अ‍ॅड्रिनॅलिन ट्रेमध्ये होतंच.

वायलमधली पावडर विरघळून फिकट पिवळी झाली. तारापूर एमआयडीसीत औषधांचे कारखाने आहेत आणि तिथलं सांडपाणी पाइपातून नवापूरच्याच समुद्रात जातं. औषधांशी गावाची ओळख आजवर त्या टोकाने.

काकूंना आरएल, म्हणजे रिंगर लॅक्टेटचं सलाइन, चालू होतं. सिस्टरने ते बंद केलं आणि एनएसने, म्हणजे नॉर्मल सलाइनने, नळी धुऊन काढली. मला ही उगाच वाढवलेली कटकट वाटली, म्हणून विचारलं. त्यांनी सांगितलं, आरएलमध्ये कॅल्शियम असतं. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनशी गाठ पडली की त्याचे न विरघळणारे कण होतात. नवजात बाळांचे यातून मृत्यू झालेले आहेत. मोठ्या माणसाला दोन्ही एकामागून एक देता येतात, पण मध्ये नळी धुतल्याशिवाय नाही.

औषध 100 मिली एनएसमध्ये, अर्ध्या तासात द्यायचं. 20 थेंबांना एक मिली असा सेट, म्हणजे मिनिटाला साधारण 67 थेंब. घड्याळ समोर धरून सिस्टरने थेंब मोजले आणि पहिली काही मिनिटं तिथेच थांबल्या. नजर बाटलीवर कमी, काकूंच्या चेहऱ्यावर जास्त. "खाज येते का? घसा आवळल्यासारखा वाटतो?" इंट्राकॅथच्या वर शिरेवरून बोट फिरवलं : लाली नाही, टणकपणा नाही. चिकटपट्टीवर सुई घातल्याची तारीख आणि वेळ.

सगळ्यात मोठा धोका मात्र आम्ही नातेवाईक. शेजारच्या खाटेजवळ बसलेल्या दादांनी "लवकर संपू दे" म्हणून थेंबांचा वेग ठरवणारा नळीवरचा रोलर वर सरकवला. त्यांच्या पेशंटला व्हँकोमायसिन चालू होतं. एक ग्रॅमला किमान एक तास लागतो. घाई केली की चेहरा-मान लालबुंद होते, रक्तदाब उतरू शकतो. सिस्टर धावत आल्या, रोलर खाली ओढला, बीपी घेतलं आणि मग दादांना जे ऐकवलं ते अख्ख्या वॉर्डाने ऐकलं. त्यानंतर बाटली संपत आली की दादा फक्त हाक मारायचे.