कंबर एक, सल्ले चार

सोयाबीनची काढणी उरकली की देवणीच्या बाजारात, एसटीत, बचत गटाच्या बैठकीत एकच बोलणं कानावर येतं, "कंबर धरली बाई." काढणीचा शीण आठ-पंधरा दिवसांत ओसरतो. आज आम्ही बोलतोय ते तीन महिने उलटले तरी न हटणाऱ्या जुन्या दुखण्याबद्दल.

आमच्या गटातली एक बाई कंबरेपायी दोन वर्षं फिरली. एकानं सांगितलं, झोपून राहा. दुसऱ्यानं सांगितलं, चालत राहा. तिसऱ्यानं एमआरआय बघून "मणक्यात गॅप आहे" म्हटलं. तिनं त्या दिवसापासून घागर उचलणंच सोडलं. बाकीचे दोघं काय म्हणाले, हे तिघांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

आधी त्या गॅपचं बघू. कंबर अजिबात दुखत नाही अशा माणसांचे फोटो काढून झालेला अभ्यास 2015 साली एकत्र मांडला गेला. पन्नाशीतल्या अशा शंभरांत सुमारे 80 जणांच्या मणक्यातली गादी झिजलेली दिसली. म्हणजे केस पिकतात तशीच ही झीज. फोटोत ती दिसली म्हणून दुखणं तिचंच असेल असं नाही.

मग दुखतं कशानं? वाकून खुरपणी, रात्रीची मोडलेली झोप, कर्जाची काळजी, दुखेल म्हणून हलायची भीती, असं सगळं त्यात मिसळलेलं असतं. एका डॉक्टरला हे सगळं सुटत नाही. हे ओळखणाऱ्यांत अमेरिकेतले डॉ. जॉन बोनिका होते. हा माणूस कुस्त्या खेळून शिकलेला, स्वतःचं अंगही दुखणारं! दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांवर उपचार करताना ते हाडांच्या, नसांच्या आणि मनाच्या डॉक्टरांना एकत्र बसवून एकेका रोग्याचा विचार करू लागले.

आता अशा उपचारात डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, समुपदेशक आणि रोगी मिळून एकच बेत ठरवतात. 2014 साली 41 चाचण्यांचा, जवळपास 6,900 रोग्यांचा आढावा निघाला. नेहमीच्या उपचारापेक्षा अशा एकत्र उपचारानं दुखणं आणि अडणं दोन्ही कमी झालं. जादू झाली नाही, फरक मध्यमच होता; आणि कामावर परतण्यात नेहमीच्या उपचारापेक्षा फरक दिसला नाही.

या कामातली माणसं अडचणीही सांगतात. ओपीडीत रांग लागलेली असताना डॉक्टरला एका बाईचं घरचं ऐकायला वेळ नसतो. फिजिओथेरपिस्टची तक्रार अशी की सगळे उपाय थकल्यावर बाई आमच्याकडे येते, तीही शेक घेऊन जाते, व्यायाम घरी करत नाही. समुपदेशकाचं नाव काढलं की बाई म्हणते, "मी काय येडी हाय का?" तसं नाही हो. दुखणं खरंच असतं. काळजीनं आणि जागरणानं ते वाढतं, एवढंच.

आपल्याकडे ही सगळी मंडळी एका छपराखाली भेटणं कठीण. फिजिओथेरपीसाठी उदगीर-लातूर गाठायचं, तर एसटीचं तिकीट बायकांना अर्धं असलं तरी दिवसाची मजुरी पूर्ण बुडते. म्हणून आमच्या त्या मैत्रिणीनं एक वही केली. कोण काय म्हणालं, कोणती गोळी, कोणता व्यायाम, सगळं तिच्यात. लिहिता येत नसेल तर मुलीकडून किंवा आशाताईंकडून लिहून घ्यावं. आणि प्रत्येक ठिकाणी वही पुढे करून विचारावं, "यांनी असं सांगितलंय, तुमचं काय म्हणणं?" पहिल्या पानावर तिनं लिहून घेतलं: घागर उचलायची आहे. तिथून फिजिओथेरपिस्टनं अर्ध्या कळशीपासून सुरुवात करून दिली. शेतात एक पात झाली की उठून दहा पावलं चालायचं. सासूबाईंनाही हे सांगितलं, नाहीतर उठलेली सून आळशी दिसते!

मन फार खचलं तर 14416 हा सरकारी फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं. चहाबरोबर रोज दुकानातली दुखण्याची गोळी मात्र नको. पोट आणि किडनी त्यानं जातात.

आणि एक. पाय लुळा पडू लागला, लघवी-संडासवरचा ताबा गेला, मांड्यांमधला भाग बधिर झाला, दुखण्यासोबत ताप आला, वजन उतरत चाललं किंवा पडल्यावर दुखणं सुरू झालं, तर वही शोधत बसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.