नागीण : समज आणि सत्य

अंगाच्या एका बाजूला पट्ट्यासारखे पुरळ उठले, की आपल्याकडे ‘नागीण झाली’ असे म्हणतात. नागिणीचा विळखा पूर्ण झाला, की रोगी दगावतो, असा जुना समज आहे. वस्तुतः लहानपणी होऊन गेलेल्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी सुप्त राहतो. वाढत्या वयात किंवा प्रतिकारशक्ती खालावल्यावर तो पुन्हा जागा होतो आणि एखाद्या मज्जातंतूच्या मार्गाने त्वचेपर्यंत येतो. हा मज्जातंतू शरीराच्या एकाच बाजूस पसरलेला असतो. म्हणून विळखा सहसा पूर्ण होतच नाही.

भीती निराधार असली, तरी हयगय करणे योग्य नव्हे. पुरळ दिसल्यापासून ७२ तासांच्या आत विषाणुरोधक औषध सुरू करणे हिताचे असते. गंडेदोरे करण्यात हा मोलाचा वेळ निघून जातो. दोन ते चार आठवड्यांत खपल्या गळून पडतात. पण कित्येकांच्या त्वचेवर डाग कायम राहतो आणि काहींना, विशेषतः वृद्धांना, त्या जागी महिनोन्महिने आग व ठणका सोसावा लागतो. कपड्याचा स्पर्शही नकोसा होतो. ही वेदना मनाचा खेळ नसून मज्जातंतूला झालेल्या इजेचा परिणाम असतो. म्हणून खपली पडली, तरी रोग्याची विचारपूस थांबवू नये.