सांभाळणाऱ्याच्या अंगावरची जखम

स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाची घरी शुश्रूषा करणाऱ्या १३ बायका आणि त्याच वयाच्या, तशाच मिळकतीच्या घरांतल्या, पण हा भार नसलेल्या १३ बायका. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात जॅनिस किकोल्ट-ग्लेझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या साऱ्याजणींच्या हातावर, कोपराखाली, साडेतीन मिलिमीटरची गोल जखम केली आणि ती भरायची वाट पाहिली. अधूनमधून जखमेचा फोटो काढायचा, तिच्यावर हायड्रोजन पेरॉक्साइडचे थेंब टाकायचे. फेस आला नाही, म्हणजे जखम भरली. भार नसलेल्यांना सरासरी ३९ दिवस लागले, शुश्रूषा करणाऱ्यांना जवळजवळ ४९. हा प्रयोग १९९५ साली प्रसिद्ध झाला.

ताण आला की मेंदूकडून निरोप जातो आणि मूत्रपिंडांवर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल सोडतात. रक्तात साखर वाढते आणि तातडीची नसलेली कामं मागे पडतात. जखम भरायला आधी थोडी सूज यावी लागते. पांढऱ्या पेशींना तिथे बोलावणारी रसायनं कॉर्टिसॉल दाबून धरतं. कॉर्टिसॉल 'उतरवण्याच्या' गोळ्या सध्या विकायला आहेत, म्हणून हेही सांगायला हवं, की ते शरीरात पुरेसं तयारच झालं नाही तर माणूस उपचारांवाचून जगत नाही. निरोगी शरीरात ते सकाळी जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात सर्वांत वर जातं आणि रात्रीपर्यंत उतरतं. रात्री तीनदा उठून कोणी दार उघडून बाहेर तर गेलं नाही ना, हे पाहावं लागणाऱ्या बाईचं ते उतरणार कधी?

महिनोन्‌महिने असंच चाललं, की पांढऱ्या पेशी कॉर्टिसॉलला जुमानेनाशा होतात. मग अंगातली नको असलेली सूज धुमसत राहते.

मेंदूत काय होतं, याचं एक फार महत्त्वाचं काम बेंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात सुमंत्र चटर्जी यांच्या प्रयोगशाळेत झालं. उंदरांना रोज दोन तास, दहा दिवस जखडून ठेवलं. आठवणी जिथे घडतात त्या हिप्पोकॅम्पसमधल्या पेशींच्या फांद्या आखडल्या. भीती जागवणाऱ्या अमिग्डालात मात्र फांद्या वाढल्या. पुढे २१ दिवस विसावा दिल्यावर हिप्पोकॅम्पस सावरला, अमिग्डाला तसाच राहिला. उंदरावरून थेट माणसाबद्दल बोलू नये, हे खरं. तरी वर्षानुवर्षं सासूचं किंवा नवऱ्याचं करणाऱ्या कितीतरी बायका सांगतात, की साध्या गोष्टी आठवत नाहीत आणि फोन वाजला तरी छातीत धस्स होतं. त्याला 'वयाचं' म्हणून सोडून देणं मला अन्यायाचं वाटतं.

डॉक्टरकडे फाइल रुग्णाच्या नावाची असते. शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या बाईचं ब्लडप्रेशर कोणी बघत नाही.

किकोल्ट-ग्लेझर यांच्याच गटाने २००३ मध्ये सहा वर्षांचा अभ्यास मांडला. जोडीदाराची शुश्रूषा करणाऱ्या वयस्क माणसांच्या रक्तात सूज दाखवणारं आयएल-६ हे प्रथिन इतरांपेक्षा सुमारे चौपट वेगाने वाढत होतं. ज्यांचा जोडीदार दरम्यान वारला, त्यांच्यातही पुढे कित्येक वर्षं हा वेग कमी झाला नाही. दिवसकार्य उरकल्यावर आपण 'आता तुम्ही मोकळ्या झालात' असं म्हणतो. तिच्या तपासण्या खरं तर तेव्हाही चालू राहायला हव्यात.