होडीवरील बॅटरी : थोड्या विजेचा हिशेब

भोर व राजगड (पूर्वीचा वेल्हे) तालुक्यांत भाटघर, नीरा-देवघर, पानशेत, वरसगाव या जलाशयांमुळे अनेक गावांमध्ये पाण्याचे अंतर पडले. पैलतीर गाठण्यास रस्त्याने मोठा वळसा घ्यावा लागतो, नाहीतर होडी. अंधार पडल्यावर होडीतील साऱ्यांची भिस्त एका बॅटरीवर असते.

१२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी करू नये; तसे वारंवार केल्यास तिचे आयुष्य घटते. म्हणजे हाताशी ५० अँपिअर-तासच उरतात. ५५ वॅटचा हॅलोजन दिवा तासाला सुमारे साडेचार अँपिअर-तास खातो. १० वॅटचा एलईडी एकाहूनही कमी. काही तास विसावलेल्या बॅटरीवर १२.७ व्होल्ट दिसले तर ती भरलेली, १२.२ च्या आसपास दिसले तर निम्मी समजावी.

दिव्यांची बॅटरी व इंजिनाची बॅटरी वेगळी ठेवावी. मग चुकून चालू राहिलेला दिवा भर पाण्यात इंजिनाला दगा देणार नाही. १२ व्होल्टांतील एक व्होल्ट तारेत गळाला तरी बारावा हिस्सा जातो. म्हणून तार जाड व आखूड घ्यावी. एवढ्या व्होल्टचा झटका सहसा जाणवत नाही, परंतु शॉर्टसर्किटने आग लागते. फ्यूज बॅटरीच्या धन टोकाजवळच बसवावा. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघतो. तेथे हवा खेळती हवी, विडी-काडी नको.

ओहमचा नियम आम्ही फळ्यावर शिकवतो. त्याचा खरा उपयोग मात्र पैलतीरी घरचे वाट पाहत असतात, तेव्हा कळतो.